संगीतानें जोडलेलीं तीन माणसें : ‘साँग ऑफ लव्ह’ या चित्रपटाचा अभ्यास

प्रीति हा विषय शाळेच्या वार्षिकांत यावा कीं न यावा, याविषयीं पालकवर्गांत दोन मतें असूं शकतील. चित्रपटांतून प्रीतीचें जें चित्र बहुधा रंगविलें जातें तें उथळ असतें, आणि तें पाहून कोंवळ्या मनाचा गैरसमज होतो, ही तक्रार कांहीं अगदींच निराधार नाहीं. परंतु विषय वर्ज्य केल्यानें गैरसमज दूर होत नसतो. तो दूर व्हावयाचा तर एखादें चांगलें उदाहरण पुढें ठेवून त्याची शांतपणें चिकित्सा करणें, हाच मार्ग आहे. म्हणून या पाठांत अशा एका चित्रपटाचा विचार करावयाचें योजिलें आहे कीं, ज्यांतील तिन्ही मुख्य पात्रें खरोखरीच या जगांत होऊन गेलीं. तीं तिघेंहि संगीताचीं निस्सीम उपासक होतीं. आणि त्यांच्या परस्पर स्नेहाची कसोटी दुःखाच्या अग्नींत लागली. चित्रपट काय सांगतो, इतिहास काय सांगतो, आणि या दोहोंमधून आपण काय घ्यावयाचें, असे या पाठाचे तीन भाग आहेत.

१. चित्रपटाची कथा

‘साँग ऑफ लव्ह’ म्हणजे ‘प्रेमगीत’. हा बोलपट अमेरिकेंतील मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेनें १९४७ सालीं काढिला. क्लॅरेन्स ब्राउन हा त्याचा दिग्दर्शक. क्लारा शूमान हिची भूमिका कॅथरिन हेपबर्न हिनें, रॉबर्ट शूमान याची पॉल हेनरीड यानें आणि योहानेस ब्राम्स याची रॉबर्ट वॉकर यानें वठविली आहे. पडद्यावर हेपबर्नचे हात पियानोवर फिरतांना दिसतात. परंतु आपल्या कानीं जें वादन पडतें, तें आर्थर रूबिनस्टाइन या जगद्विख्यात वादकाचें आहे. तरीहि हातांची हालचाल खरी वाटावी म्हणून त्या नटीनें पियानोचा कसून सराव केला होता. कोणतेंहि काम वरवर केलें तर तें वरवरचेंच दिसतें, हें ती जाणून होती.

कथा थोडक्यांत अशी : क्लारा ही नांवाजलेली पियानोवादिका. वडिलांचा विरोध असतांहि ती रॉबर्ट शूमान या संगीतरचनाकाराशीं विवाह करते. घर मुलांनीं भरून जातें, परंतु पतीच्या रचनांना म्हणावा तसा मान मिळत नाहीं आणि संसाराची ओढाताण होते. अशा घरांत तरुण ब्राम्स शिष्य म्हणून राहावयास येतो. तो मुलांना खेळवितो, घरकामास हात लावितो, आणि मनांतल्या मनांत क्लारेवर प्रेम करूं लागतो. रॉबर्टची प्रकृति ढासळते. त्याला मनोरुग्णालयांत ठेवावें लागतें आणि तेथेंच त्याचा अंत होतो. पुढें ब्राम्स क्लारेला लग्नाविषयीं विचारतो. ती नकार देते आणि पतीचें संगीत जगापुढें मांडण्याच्या कार्याला वाहून घेते.

या चित्रपटांतील एक प्रसंग विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. एका समारंभांत फ्रान्झ लिझ्ट हा त्या काळचा सर्वांत चमकदार वादक रॉबर्टचें एक गीत पियानोवर वाजवितो. तो त्याला इतके अलंकार चढवितो, इतक्या वेगानें बोटें नाचवितो कीं, श्रोते थक्क होतात. त्यानंतर क्लारा पियानोपाशीं बसते आणि तेंच गीत अगदीं साधेपणानें, मूळांत जसें आहे तसें वाजविते. काय सांगावयाचें तें शब्दांवांचून सांगून होतें. कलावंतानें कला स्वतःच्या प्रदर्शनासाठीं वापरावी, कीं स्वतः मागें राहून कलेची सेवा करावी, हा प्रश्न त्या प्रसंगांत आहे. आपल्याकडेहि तानांची आतषबाजी करून टाळ्या घेणारा गवई आणि एकेका स्वराला जपणारा गवई, हा भेद रसिकांस अपरिचित नाहीं.

२. इतिहास काय सांगतो?

चित्रपटाच्या आरंभींच निर्मात्यांनीं प्रांजळपणें कळविलें आहे कीं, प्रसंग व काळ यांच्या बाबतींत आवश्यक तेवढें स्वातंत्र्य घेतलें आहे. तेव्हां हें स्वातंत्र्य कोठें घेतलें तें पाहणें हें अभ्यासकाचें काम ठरतें.

क्लारा वीक हिचा जन्म जर्मनींतील लाइपझिग शहरीं १३ सप्टेंबर १८१९ रोजीं झाला. तिचे वडील फ्रीड्रिख वीक हे पियानोचे नामांकित शिक्षक होते. क्लारा पांच वर्षांची होण्याच्या सुमारास तिचे आईबाप विभक्त झाले आणि मुलीचा ताबा वडिलांकडे आला. त्यांनीं तिला कडक शिस्तींत घडविलें. रोजचा ठराविक सराव, स्वरशास्त्राचे धडे, मोकळ्या हवेंत लांबवर फिरणें, सर्व कांहीं वेळच्या वेळीं. नऊ वर्षांच्या वयांत ती लाइपझिगच्या प्रसिद्ध गेवांडहाउस सभागृहांत वाजवावयास बसली. सोळाव्या वर्षीं, म्हणजे १८३५ सालीं, तिनें स्वतः रचिलेला पियानो कन्चेर्टो त्याच सभागृहांत वाजविला, आणि वाद्यवृंदाचें नेतृत्व मेंडेल्सझोन यानें केलें होतें. चित्रपटांत क्लारा ही पत्नी, माता व वादिका म्हणून दिसते. ती स्वतःहि रचनाकार होती, ही गोष्ट मात्र झांकली गेली आहे. तिचा हा कन्चेर्टो आणि १८४६ सालचें पियानोत्रिक आज पुन्हां मैफलींतून वाजविलें जातें.

रॉबर्ट शूमान हा ८ जून १८१० रोजीं झ्विकाउ गांवीं जन्मला. कायद्याचें शिक्षण सोडून तो १८३० सालीं वीक यांच्या घरीं पियानो शिकण्यासाठीं येऊन राहिला. परंतु उजव्या हाताच्या बोटांत दोष उत्पन्न झाल्यामुळें वादक होण्याची आशा त्याला सोडावी लागली. ज्याचें एक दार असें बंद झालें त्यानें दोन नवीं दारें उघडलीं : तो संगीत रचूं लागला आणि संगीतावर लिहूं लागला. १८३४ सालीं लाइपझिगमध्यें निघालेल्या संगीतविषयक नियतकालिकाचा तो प्रमुख आधारस्तंभ होता व जवळजवळ दहा वर्षें त्यानें त्याचें संपादन केलें.

एकाच घरांत, एकाच वाद्याभोंवतीं वाढलेली ही ओळख कालांतरानें प्रीतींत परिणत झाली. वीक यांनीं कडाडून विरोध केला. ज्या मुलीवर त्यांनीं इतकी वर्षें खर्ची घातलीं, ती अनिश्चित मिळकतीच्या तरुणाच्या हातीं जावी हें त्यांना सहन होईना. काळजी कोणत्याहि बापाला वाटावी अशीच होती. पण त्या काळजीचें पर्यवसान पुढें निंदेंत झालें. १८३९ सालीं प्रकरण न्यायालयांत गेलें. रॉबर्ट मद्यपी असल्याचा आरोप वीक यांनीं केला, परंतु तो त्यांना सिद्ध करतां आला नाहीं. १८४० च्या ऑगस्टांत न्यायालयानें विवाहास अनुज्ञा दिली, आणि १२ सप्टेंबर रोजीं, क्लारेच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, लाइपझिगजवळील शोनेफेल्डच्या देवळांत तो पार पडला. त्या एका वर्षांत रॉबर्टनें शंभराहून अधिक गीतें रचिलीं.

येथें पालकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. वीक यांच्यावांचून क्लारा ही क्लारा झाली नसती, हें निःसंशय. परंतु आपण घडविलें म्हणून तें आपल्या मालकीचें, असें त्यांनीं मानिलें, आणि तेथेंच त्यांचें चुकलें. माळी रोपाला पाणी घालतो. पण फूल कोणत्या दिशेला तोंड करील हें तो ठरवूं शकत नाहीं. कांहीं वर्षांनीं बापलेकींचा समेट झाला, ही समाधानाची गोष्ट होय.

विवाहानंतर पतिपत्नींनीं मिळून एक रोजनिशी ठेविली. त्यांचें प्रेम खरें होतें. पण अडचणीहि खऱ्या होत्या. रॉबर्ट रचना करावयास बसला कीं घरांत शांतता लागे, आणि मग क्लारेचा सराव बंद पडे. ज्या वादनावर घराची मिळकत बऱ्याच अंशीं अवलंबून होती, त्यालाच घरांत जागा नसे. आठ मुलें झालीं, त्यांतील एक बालपणींच गेलें. हें सर्व सांभाळून ती दूरदूरचे दौरे करी. १८४४ सालीं तर हें जोडपें रशियापर्यंत गेलें. दोघांनाहि संगीताची आवड आहे एवढ्यानें संसार आपोआप सुरेल होत नाहीं. कोणीं केव्हां थांबावयाचें, हें रोज नव्यानें ठरवावें लागतें.

३. तिसरा स्नेही

ब्राम्स शूमानांच्या घरीं कसा आला, याविषयीं चित्रपट व इतिहास यांत मोठें अंतर आहे. चित्रपटांत तो त्यांच्या घरीं दीर्घकाळ राहिलेला शिष्य दिसतो. वास्तविक तो १८५३ च्या सप्टेंबरअखेर ड्युसेलडॉर्फ येथें त्यांच्या दारीं आला, तेव्हां वीस वर्षांचा होता, आणि रॉबर्टच्या आजाराचा कडेलोट होण्यास पुरते पांच महिनेहि उरले नव्हते. त्याचा जन्म हॅम्बुर्ग येथें ७ मे १८३३ रोजीं झाला. वडील साधे वाद्यवादक, घरची गरिबी. योसेफ योआखिम या थोर व्हायोलिनवादक मित्राच्या आग्रहावरून तो शूमान दांपत्यास भेटावयास आला होता.

त्यानें पियानोवर आपल्या रचना वाजविल्या आणि रॉबर्ट व क्लारा दोघेंहि हर्षभरित झालीं. पुढें जें घडलें तें प्रत्येक शिक्षकानें व मोठ्या भावानें आठवावें असें आहे. रॉबर्टनें संपादकपद सोडून बरीच वर्षें लोटलीं होतीं. तरीहि त्यानें पुन्हां लेखणी हातीं घेतली, आणि त्याच पूर्वीच्या नियतकालिकांत २८ ऑक्टोबर १८५३ रोजीं ‘नवे मार्ग’ या अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहून या अपरिचित तरुणाची महती जगाला कळविली. स्वतःच्या कीर्तीची चिंता असणारा मनुष्य प्रतिस्पर्धी पाहून कष्टी होतो. रॉबर्टला आपल्यामागें कोणी तरी येत आहे हें पाहून आनंद झाला. मात्र अशा स्तुतीचें ओझेंहि मोठें असतें. ब्राम्सनें तें गंभीरपणें वाहिलें. त्याची पहिली सिंफनी लोकांपुढें आली ती १८७६ सालीं, म्हणजे त्या लेखानंतर तेवीस वर्षांनीं. स्तुति ऐकून फुगून न जातां, तिला पात्र होण्यासाठीं इतकीं वर्षें झटणारा शिष्य विरळाच.

त्याच महिन्यांत या मित्रमंडळीनें एक गमतीचें काम केलें. योआखिमचें एक ब्रीदवाक्य होतें : मोकळा, परंतु एकाकी. जर्मन भाषेंत त्या तीन शब्दांचीं आद्याक्षरें एफ, ए, ई अशीं येतात, आणि पाश्चात्य पद्धतींत स्वरांना अक्षरांचींच नांवें असल्यामुळें तीन अक्षरें म्हणजे तीन स्वर झाले. आपल्या सा, रे, ग यांमधून एखाद्याचें नांव गुंफावें तसा हा प्रकार. रॉबर्ट, ब्राम्स आणि आल्बर्ट डीट्रिख या तिघांनीं मिळून त्या स्वरांच्या आधारें एक सोनाटा रचिला, योआखिमला भेट दिला, आणि कोणता भाग कोणाचा हें त्यानें ओळखावें असें सुचविलें. योआखिमनें तें बरोबर ओळखिलें. मित्राला काय द्यावें हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, स्वतःच्या श्रमांतून निघालेली भेट ही विकत घेतलेल्या भेटीहून नेहमींच श्रेष्ठ असते.

४. कसोटीचा काळ

पुढच्याच हिवाळ्यांत घराचे वासे फिरले. रॉबर्टला नसलेले आवाज ऐकूं येऊं लागले, आणि २७ फेब्रुवारी १८५४ रोजीं त्यानें ऱ्हाइन नदींत उडी घेतली. त्याला वांचविण्यांत आलें. आपल्या हातून कुटुंबास अपाय होईल या भीतीनें त्यानें स्वतःच रुग्णालयांत नेण्याची विनंति केली, आणि त्याला बॉनजवळील एंडेनिख येथें ठेवण्यांत आलें. मनाचा आजार हा देखील आजारच आहे; तो कोणाच्या दुर्गुणाचें फळ नव्हे, आणि त्यासाठीं मदत मागण्यांत लाज नाहीं, हें आज आपण जाणतों. त्या काळीं उपचार अपुरे होते. वैद्यांनीं क्लारेला पतीची भेट घेऊं दिली नाहीं. ती झाली जवळजवळ अडीच वर्षांनीं, त्याच्या मृत्यूच्या दोन दिवस आधीं. २९ जुलै १८५६ रोजीं रॉबर्टचें निधन झालें. तो रुग्णालयांत असतांनाच जन्मलेला धाकटा मुलगा फेलिक्स त्यानें कधींच पाहिला नाहीं.

या दुर्धर काळांत ब्राम्स बातमी कळतांच धांवून आला. क्लारा उदरनिर्वाहासाठीं दौऱ्यावर जाई, तेव्हां तो ड्युसेलडॉर्फच्या घरीं मुलांकडे लक्ष देई, हिशेबाची वही लिही, आणि रुग्णालयांत जाऊन रॉबर्टला भेटे. त्याचें क्लारेवर प्रेम जडलें होतें, हें त्याच्या त्या काळच्या पत्रांवरून दिसतें. परंतु चित्रपटांत दाखविलेल्या विवाहाच्या मागणीला इतिहासांत पुरावा नाहीं. उतारवयांत उभयतांनीं एकमेकांचीं पत्रें परत केलीं आणि त्यांतील पुष्कळशीं नष्ट करण्यांत आलीं. जें त्यांनीं आपल्यापुरतें ठेविलें, तें आपणहि त्यांच्यापाशींच राहूं द्यावें हें सभ्यपणाचें. एवढें मात्र निश्चित कीं, दोघेंहि पुढें अविवाहित राहिलीं आणि त्यांचा स्नेह क्लारेच्या मृत्यूपर्यंत, चाळीसांहून अधिक वर्षें टिकला. त्यांत रुसवेफुगवे झाले, कठोर शब्द गेले, पुन्हां समेट झाले; पण नवीन रचना झाली कीं ब्राम्स हस्तलिखित क्लारेकडे पाठवी, आणि ती आपलें मत स्पष्ट कळवी.

क्लारेचें उत्तरायुष्य केवळ दुःखाचें नव्हतें. तें कामाचें होतें. तिच्या संग्रहांत आयुष्यांतील सुमारें १३०० जाहीर कार्यक्रमांच्या पत्रिका जमा झाल्या होत्या. १८७८ पासून ती फ्रँकफुर्ट येथील संगीतविद्यालयांत अध्यापन करीत असे. पतीच्या समग्र रचनांची आवृत्ति तिनें संपादिली, आणि त्या कामींहि ब्राम्सचें साहाय्य होतें. पुढें जर्मनीनें १०० मार्कांच्या नोटेवर तिचें चित्र छापिलें. युरो हें चलन येईपर्यंत ती नोट व्यवहारांत होती.

५. शेवटचें गीत

चित्रपटांत रॉबर्टची एक छोटी रचना पुनःपुन्हां कानीं येते. तिचें नांव ‘ट्रॉयमेराय’, म्हणजे स्वप्नांत रमणें. १८३८ सालीं त्यानें ‘बालपणींचीं दृश्यें’ या अर्थाच्या नांवाखालीं तेरा लहान तुकडे रचिले, त्यांतील हा सातवा. दोनतीन मिनिटांचा हा तुकडा आहे. पण प्रौढ मनुष्य बालपणाकडे वळून पाहतो तेव्हां मनाची जी अवस्था होते, ती त्यांत उतरली आहे. शाळेंत किंवा घरीं ध्वनिमुद्रण मिळाल्यास विद्यार्थ्यांनीं तो डोळे मिटून दोनदां ऐकावा. पहिल्या वेळीं केवळ चाल ऐकावी. दुसऱ्या वेळीं आरंभींची स्वरांची चढण पुढें किती वेळां आणि कोणत्या वेगळ्या रीतीनें येते तें पाहावें.

चित्रपट या तुकड्याशीं संपतो. इतिहास मात्र आणखी एका संगीताशीं संपतो, आणि तें चित्रपटांत नाहीं. १८९६ च्या वसंतांत क्लारेला पक्षाघाताचा झटका आला. त्या मे महिन्यांत ब्राम्सनें ‘चार गंभीर गीतें’ पूर्ण केलीं. तिन्ही आरंभींच्या गीतांत मृत्यु आणि मनुष्याचें दुःख यांचा विचार आहे, आणि शब्द शास्त्रवचनांचे आहेत. चौथ्या गीताचे शब्द मात्र पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांतले, म्हणजे प्रीतीविषयींचे आहेत. हा अध्याय आपल्या प्रार्थनासभेंत अनेकदां वाचिला जातो. २० मे रोजीं क्लारेनें देह ठेविला. बॉन येथें रॉबर्टच्या शेजारीं तिचें दफन झालें, तेव्हां ब्राम्स लांबचा प्रवास करून हजर होता. वर्ष पुरें होण्यापूर्वीं, ३ एप्रिल १८९७ रोजीं, तोहि गेला.

६. तात्पर्य

तर मग चित्रपट खोटा म्हणून टाकून द्यावा काय? नाहीं. त्यानें काळ आंखडला, प्रसंग जोडले, कांहीं गोष्टी गाळल्या. तरी तीन माणसें एकमेकांच्या गुणांवर प्रेम करीत होतीं, हा गाभा त्यानें सोडला नाहीं. परंतु जो केवळ चित्रपट पाहील त्याला वाटेल कीं, या कथेचा मुख्य प्रश्न ‘क्लारा कोणाची?’ हा आहे. इतिहास वाचणाऱ्यास कळेल कीं, क्लारा ही कोणाची वस्तु नव्हतीच. बापाची नव्हे, पतीची नव्हे, मित्राचीहि नव्हे. तिघांचा संबंध जुळला तो एकमेकांना मिळविण्यासाठीं नव्हे, तर एकमेकांमधील उत्तम तें बाहेर यावें यासाठीं. जेथें मनुष्य दुसऱ्याच्या भल्यासाठीं स्वतःची इच्छा आवरतो, तेथें प्रीति आहे. जेथें तो केवळ आपली इच्छा पुरी करूं पाहतो, तेथें नांव कोणतेंहि द्या, प्रीति नाहीं. आणि समान आवड हा स्नेहाचा आरंभ होय. त्याला टिकविणारी गोष्ट म्हणजे अडचणीच्या दिवशीं मित्राच्या घरची हिशेबाची वही लिहावयास बसण्याची तयारी.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. वीक यांची काळजी कोठपर्यंत योग्य होती आणि कोठून पुढें अयोग्य झाली? मुलांनीं व पालकांनीं आपापलें उत्तर वेगवेगळें लिहून मग एकत्र वाचावें.
२. चित्रपट व इतिहास यांतील तीन फरक सांगा, आणि प्रत्येक फरक निर्मात्यांनीं कां केला असावा याचा विचार करा.
३. रॉबर्टच्या लेखामुळें ब्राम्सला लाभ झाला, तसेंच ओझेंहि वाटलें. स्तुति कशी करावी व कशी स्वीकारावी, यावर दहा ओळी लिहा.
४. लिझ्टचें वादन व क्लारेचें वादन यांतील भेद आपल्या ऐकण्यांतील एखादें भजन किंवा उपासनागीत घेऊन स्पष्ट करा.
५. करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय १३, वाचा. त्यांतील कोणतें लक्षण या तिघांपैकीं कोणाच्या कोणत्या कृतींत दिसतें?